शिवणीवर न जुळणारं फूल: ताजिक कारागिरी कशी पाहायची

जुनी ताजिक सूझनी, म्हणजे भिंतीवर टांगायचं भरतकामाचं मोठं कापड, समोर पसरली की नजर आधी जाते ती तिच्यावरच्या लाल गोल फुलांकडे. परातीएवढी मोठी फुलं, भोवती काळपट हिरव्या वेलींची कडी, कडेने पानांची दाट किनार. थोडा वेळ पाहिलं की काहीतरी खटकायला लागतं. कापडाच्या मधल्या शिवणीपाशी फुलाचे दोन अर्धे भाग एकमेकांना नीट भेटतच नाहीत. डावीकडची पाकळी बोटभर वर, उजवीकडची खाली. डावा लाल डाळिंबाच्या दाण्यासारखा, उजवा किंचित विटकरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शिवताना चुकलं असणार, किंवा फाटलेलं कापड कुणीतरी घाईत जोडलं असणार.

चूक नाही ती. ते फूल दोन बायकांनी भरलेलं आहे, दोन वेगळ्या खोल्यांत, कदाचित दोन वेगळ्या घरांत बसून. ही एक गोष्ट लक्षात आली की ताजिक लोकांच्या भरतकामापासून मातीच्या भांड्यांपर्यंत बरंच काही उलगडतं. म्हणून सुरुवात या शिवणीपासूनच करतो.

सूझन म्हणजे फारसीत सुई. सूझनी म्हणजे सुईने केलेलं. काश्मिरी शालीवरच्या बारीक कामाला ‘सोझनी’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. आणि ताजिक भाषा म्हणजे फारसीच, फक्त सोव्हिएत काळापासून ती सिरिलिक लिपीत लिहितात. त्यामुळे ताजिक कारागिरांची शब्दसंपत्ती मराठी माणसाला फार परकी वाटत नाही. शिकवणारा तो उस्तो, शिकणारा शोगिर्द. आपण उस्ताद आणि शागीर्द म्हणतो. नक्ष, कलम, बदाम, जर, चादर हे सगळे शब्द तिथे रोजच्या वापरात आहेत. बहमनी, निजामशाही, आदिलशाही दरबारांच्या फारसीने आपल्याकडे जे शब्द ठेवून दिले, तेच तिकडे सुतार, सोनार आणि भरतकाम करणाऱ्या बायकांच्या तोंडी आहेत.

ताजिक कोण, हे आधी थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढे गोंधळ होतो. ताजिकिस्तान हा मध्य आशियातला देश. त्याची ९० टक्क्यांहून अधिक भूमी डोंगराळ. राजधानी दुशान्बे. पण ताजिक लोक काही एवढ्याच देशात राहत नाहीत. अफगाणिस्तानात ते मोठ्या संख्येने आहेत. समरकंद आणि बुखारा ही ताजिक बोलणारी जुनी शहरं आज उझबेकिस्तानात आहेत, कारण १९२४ मध्ये सोव्हिएत सरकारने मध्य आशियात सीमा आखल्या तेव्हा ती तिकडे गेली. १९२९ मध्ये ताजिकिस्तान वेगळं सोव्हिएत प्रजासत्ताक झालं आणि खुजंद त्याला जोडलं गेलं. रेघा नकाशावर पडल्या, घरातल्या पेटीतल्या कापडांवर पडल्या नाहीत. म्हणून एकाच प्रकारची सूझनी एका संग्रहालयात ‘उझबेक’, दुसऱ्यात ‘ताजिक’ आणि लिलावात नुसती ‘बुखारा’ म्हणून दिसते. मला विचाराल तर देशाचं नाव बाजूला ठेवून गावाचं नाव विचारावं. समरकंदची, नुराताची, शहरिसब्झची, खुजंदची की उरा-त्यूबेची? या नावांतून कामाची जात कळते. उरा-त्यूबे म्हणजे आजचं इस्तरवशान.

आता पुन्हा शिवणीकडे. घरच्या मागावर विणलेल्या सुती कापडाला ‘करबोस’ म्हणतात. संस्कृत ‘कर्पास’ फारसीत जाऊन ‘करबास’ झाला आणि आपल्याकडे त्याचा ‘कापूस’ झाला. हा करबोस अरुंद असायचा, मागाची रुंदी होती तेवढाच. भिंतभर सूझनी करायची तर चार-पाच पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून कच्चे धावदोरे घालायचे. मग गावातल्या नक्षी काढणाऱ्या बाईला बोलवायचं. तिला ‘कलमकश’ म्हणतात, कलम ओढणारी. ती शाईने थेट कापडावर फुलं, वेली, चक्रं काढून द्यायची. भरणाऱ्या घरोघरी असत, पण कलमकश एखादीच, आणि तिला मान मोठा. आखणी झाली की धावदोरे उसवायचे, पट्ट्या सुट्या करायच्या आणि वाटायच्या. एक पट्टी आईकडे, एक मावशीकडे, एक थोरल्या बहिणीकडे, एक जिचं लग्न व्हायचंय त्या मुलीकडे. सगळ्यांचं भरून झालं की पट्ट्या पुन्हा जोडायच्या. जोडताना कळायचं, की मावशीचा हात घट्ट आहे, तिच्या टाक्याने कापड थोडं आखडलंय. बहिणीचा रेशमी दोरा दुसऱ्या घाण्यात रंगवलेला होता. मग फूल शिवणीवर अडखळायचं.

काम सोडवून नव्याने करावं इतकं ते कुणाला महत्त्वाचं वाटत नसे. नवी नवरी सासरी गेल्यावर भिंतीवर ती सूझनी टांगली जायची आणि पाहणाऱ्याला तिच्या माहेरची सगळी माणसं एकदम दिसायची. मुलगी जन्मली की आई तिच्या लग्नाची कापडं भरायला घ्यायची. एकटीने व्हायचं काम नव्हतंच ते.

या कापडांची यादी मोठी आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. ‘रूयजो’ म्हणजे वधूवरांच्या अंथरुणावरची चादर. तिच्यावर भरतकाम फक्त तीन बाजूंना असतं, चौकटीसारखं. मधला भाग कोरा, कारण तिथे झोपायचंय. दिसणार फक्त कडा. ‘बोलिनपुश’ उशीवर टाकायचं. ‘जोयनमोझ’ नमाजाचं आसन, त्यावर कमानीची आकृती. ‘झरदेवोर’ ही लांब पट्टी, छताच्या जरा खाली, खोलीच्या भिंतींवरून फिरवलेली. तिथली घरं पाहिली तर या सगळ्याचं कारण कळतं. खोलीत लाकडी फर्निचर जवळजवळ नसे. बसणं, जेवणं, झोपणं जमिनीवर, जाड गाद्यांवर. दिवसा गाद्या घडी करून कोनाड्यात रचायच्या आणि त्यावर भरलेलं कापड टाकायचं. म्हणजे घराची सगळी शोभा कापडावरच. कपाट, खुर्ची, तसबीर यांचं काम सूझनी करत होती.

टाके पाहायचे तर मुख्य दोन. एक ‘बसमा’. यात दोरा आकृतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ लांब टाकतात, आणि परत येताना त्याच दोऱ्याने वाटेत बारीक तिरके टाके घालून त्याला कापडाशी दाबून बसवतात. असे दोरे एकाला एक खेटून भरले की रेशीम सलग चमकतं आणि दोरा मागच्या बाजूला फारसा वाया जात नाही. रेशीम महाग होतं, त्यामुळे हेही महत्त्वाचं. दुसरा ‘युर्मा’, आपला साखळी टाका. तो बहुतेक वेळा आकड्याच्या टोच्याने, म्हणजे आपण ज्याला आरी म्हणतो तशाच हत्याराने घालतात. आपल्याकडे लग्नाच्या ब्लाउजवर आरीवर्क करणाऱ्या बाईच्या हातात हे हत्यार दिलं तर तिला काही शिकवावं लागणार नाही.

नक्षीचा अर्थ काय, हा प्रश्न सगळे विचारतात. डाळिंब म्हणजे भरपूर लेकरं. मिरची आणि बदाम दृष्ट लागू नये म्हणून. चाकू वाईटाला दूर ठेवायला. मोठी चक्रं म्हणजे सूर्य किंवा चंद्र. पुस्तकांत हे अर्थ पाढ्यांसारखे दिलेले असतात. मला त्यावर जपून विश्वास ठेवावासा वाटतो. अभ्यासकाला ज्यात सूर्य दिसतो, त्याला भरणारी बाई सरळ ‘गुल’ म्हणते, म्हणजे फूल. एकाच आकृतीला एका गावात बदाम म्हणतात, दुसऱ्या गावात मिरची. आपल्याकडे तीच वळलेली आकृती पैठणीवर आणि कुंकवाच्या करंड्यावर ‘कोयरी’ म्हणून येते. म्हणून नक्षी म्हणजे गुप्त लिपी आणि आपण ती वाचायची, असं समजू नये. ती आशीर्वादासारखी आहे. आपण ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हणतो तेव्हा एकेका शब्दाचा अर्थ मोजत नाही, पण म्हणतो ते मनापासून. तसं ते डाळिंब आहे.

जुन्या कापडांवर आणखी एक गोष्ट आढळते. कुठेतरी एखादं पान, एखादी वेलीची गाठ न भरता सोडलेली. काम पुरं केलं तर सुखही तिथेच संपेल, म्हणून थोडं शिल्लक ठेवायचं, असं सांगतात. पुढच्या पिढीने ते भरावं, असंही सांगतात.

सूझनी ही मैदानातल्या शहरांची. दक्षिणेला खतलोन भागात, कुलोबच्या बाजूला गेलं की भरतकाम भिंतीवरून अंगावर येतं. त्याला ‘चकन’ म्हणतात. रेशमी किंवा सुती कापडाचा घोळदार झगा आणि त्याच्या छातीवर, बाह्यांवर, घेरावर मोठमोठी भडक फुलं. शहरी सूझनीतले गडद शांत रंग इथे नाहीत. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा, जणू वसंतातला डोंगरउतार. वधू लग्नात चकनचा झगा घालते, वर चकनचीच टोपी घालतो, आणि बाळाच्या पाळण्यावरचं पांघरूणही चकनचं असतं. पूर्वी दोरे घरी काढून रंगवत, आता ते तयार आणतात. आई मुलीला शिकवते, आजी नातीला, आणि गावातल्या बायका घोळक्याने बसून भरतात. २०१८ मध्ये युनेस्कोने ताजिकिस्तानच्या चकन भरतकामाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

टोपीचं नाव निघालंच आहे तर तिच्याजवळ थोडं थांबू. ‘तोकी’ म्हणजे डोक्यावर घट्ट बसणारी चौकोनी टोपी. काळ्या कापडावर पांढऱ्या रेशमाने काढलेले चार बदाम, हा तिचा सर्वांत ओळखीचा प्रकार. ती इतकी ताठ कशी राहते, याचं उत्तर बाहेरून दिसत नाही. दोन पदरी कापडावर अगदी जवळजवळ समांतर शिवणी घालतात, की त्यांच्यामध्ये बारीक बारीक नळ्या तयार होतात. मग प्रत्येक नळीत कागदाची किंवा कापसाची पिळलेली वळी सरकवतात. वळीला ‘पिल्टा’ म्हणतात. पिल्टा म्हणजे वात, आपला पलिता. अशा कितीतरी वाती भरलेली टोपी ताठ उभी राहते, तरी चार घड्यांवर दुमडून खिशात जाते. टोपी जुनी झाली, शिवण उसवली, की आतून कागदाचे पिळे डोकावतात.

आता बाजारातल्या, म्हणजे पुरुषांच्या कामाकडे येऊ. त्यात सगळ्यांत अवघड आणि मला सगळ्यांत आवडणारं काम ‘अब्रबंदी’. अब्र म्हणजे ढग. संस्कृत ‘अभ्र’ आणि फारसी ‘अब्र’ एकाच मुळातले. आकाश अभ्राच्छादित आहे असं आपण म्हणतो, त्यातला तोच ढग. बंदी म्हणजे बांधणं. ढग बांधण्याची कला.

साधं छापील कापड आधी विणतात आणि मग छापतात. अब्रबंदीत उलटं आहे. कापड विणायच्या आधीच उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, नक्षीसकट रंगवून घेतात. रेशमाचा ताणा ताणून धरतात, त्याच्या जुड्या करतात, त्यांवर कोळशाने नक्षीच्या खुणा करतात. खुणा करणारा वेगळा कारागीर, बांधणारा वेगळा. जिथे रंग लागू द्यायचा नाही, तिथे सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळून टाकायचं. मग जुड्या रंगाऱ्याकडे. आधी पिवळा. परत आणून काही सोडायचं, काही नव्याने बांधायचं. मग लाल. मग पुन्हा बांधायचं आणि निळा. पिवळा इस्परक नावाच्या रानफुलातून, लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मुळातून, त्याला तिथे ‘रुयान’ म्हणतात. डाळिंबाची सालही वापरत. निळ्यासाठी नीळ, आणि ती हिंदुस्थानातून काफिल्यांबरोबर यायची. समरकंद-बुखाऱ्याकडे गरम पाण्यात लावायचे रंग, म्हणजे लाल आणि पिवळे, काही कारागिरांकडे आणि थंड निळीचं काम ज्यू रंगाऱ्यांकडे अशी वाटणी होती. एक झगा अंगावर यायच्या आधी वेगवेगळ्या जमातींच्या, वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या किती हातांतून गेलेला असे!

शेवटी तो रंगीत ताणा मागावर चढतो आणि विणकर आडवा धागा घालतो. चढवताना धागे केसभर मागेपुढे होतात, बांधलेल्या जागेखालून रंग थोडा झिरपतो, आणि नक्षीच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. पावसाळ्यातल्या ढगाची कड जशी कुठे संपते ते कळत नाही, तशी. म्हणून अब्र. पोचमपल्ली आणि पाटणचं पटोळं हे याच तंत्राचे आपल्याकडचे प्रकार. फक्त पाटणला ताणा आणि बाणा दोन्ही रंगवतात.

ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असेल तर कापडाला ‘अद्रस’ म्हणतात. सगळंच रेशीम आणि विणही साटिनसारखी गुळगुळीत असेल तर ‘अतलस’. हा शब्द जुन्या मराठीतही आहे. रेशीम वर आणि कापूस आत, ही युक्ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मशरू आणि हिमरू विणकरांनाही ठाऊक होती. अद्रस विणून झालं की त्याला अंड्याचा पांढरा बलक किंवा खळ लावून लाकडी मोगऱ्यांनी ठोकतात. ठोकताना कापड काचेसारखं चमकायला लागतं आणि त्यात पाण्याच्या लाटांसारखी झाक उतरते. आपल्याकडे याला कुंदी करणं म्हणत. रेशीम तयार करण्याच्या आणि विणण्याच्या परंपरेची युनेस्कोने २०२२ मध्ये नोंद घेतली, तेव्हा अर्ज करणाऱ्या सात देशांत ताजिकिस्तानही होता.

मातीकामात मैदान आणि डोंगर यांचा फरक फार स्वच्छ दिसतो. मैदानातल्या गावांत कुंभार पुरुष, चाकावर काम करणारे, भांड्यांना चकाकी देणारे. त्यांना ‘कुलोल’ म्हणतात. आपल्याकडे कुंभारांना कुलाल म्हणतात, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. डोंगरात, रश्त, दरवाझ आणि पामिरकडे, माती बायकांच्या हातात. तिथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, हाताने दाबत, थापत भांडं उभं करतात. दुधाचे लोटे, मोठे माठ, दिवे. काही भांड्यांवर गडद लाल रेघांनी त्रिकोण आणि ठिपके. हिसोर खोऱ्यातल्या करातोगसारख्या गावांत नवरोजच्या सुमारास मातीच्या शिट्ट्या करत, प्राण्यांच्या आकाराच्या. पोरं त्या वाजवत वसंताचं स्वागत करत.

डोंगरातल्या बायकांनी केलेली आणखी एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. ‘रूबंद’. रू म्हणजे चेहरा. रुमालातला ‘रु’ तोच, चेहरा पुसायचा तो रुमाल. दरवाझ आणि करातेगिनकडे, म्हणजे आजच्या रश्तकडे, नवरी सासरी जाताना चेहऱ्यावर हे कापड घेई. पांढरं सुती, हातभर रुंद, त्यावर रेशमाने भरलेले कोंबडे, मोर आणि झाडं, सगळे कोनाकोनांत मोडलेले, कारण टाका कापडाचे धागे मोजून घातलेला. डोळ्यांच्या जागी कापडाचे धागे काढून बारीक जाळी केलेली. त्या जाळीतून मुलगी आपलं गाव शेवटचं पाहत असेल आणि नवं गाव पहिल्यांदा. आता रूबंद कुणी वापरत नाही, संग्रहालयांत आहेत. मी त्यांची छायाचित्रं पाहतो तेव्हा कोंबड्यांच्या आधी त्या जाळीकडेच लक्ष जातं.

लाकूडकामाची परंपरा फार जुनी, आणि तिचा पुरावा आगीने राखला, हे विशेष. झरफशान नदीच्या खोऱ्यात पंजकेंत नावाचं, इस्लामपूर्व काळातल्या सोग्दी लोकांचं शहर होतं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला अरबांच्या स्वाऱ्यांत ते जळलं. घरांमधले कोरीव खांब आणि लाकडी मूर्ती जळून कोळसा झाल्या, आणि कोळसा झाल्यामुळेच कुजल्या नाहीत. उत्खननात त्या आकारासकट मिळाल्या. त्याच घरांच्या भिंतींवर रंगीत चित्रं आहेत आणि त्यांत पंचतंत्रातल्या गोष्टीही आहेत. विहिरीत स्वतःचं प्रतिबिंब पाहणारा सिंह आणि त्याला फसवणारा ससा पंजकेंतच्या दिवाणखान्यात पोचले होते! पुढे इस्लामी काळात, याच नदीच्या वरच्या अंगाला इस्कोदर गावात एक लाकडी मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, जपला गेला. तो सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. आज दुशान्बेच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पृष्ठभागावर बोट ठेवायला कोरी जागा नाही, इतकं ते कोरीव काम दाट आहे.

ताजिक उस्तो दोन प्रकारच्या नक्षीत काम करतो. ‘इस्लिमी’ म्हणजे वेलबुट्टी, एका देठातून निघून पुन्हा स्वतःतच गुंतणारी. ‘गिरिह’ म्हणजे गाठ, पट्टी आणि कर्कटकाने आखलेली ताऱ्यांची जाळी. खांब तुतीच्या, अक्रोडाच्या, चिनाराच्या लाकडाचे. छतावर तुळयांच्या मध्ये अर्धगोल बारीक काठ्या ओळीने बसवतात. त्यांना ‘वस्सा’ म्हणतात, ऐकताना आपल्या घराचे वासे आठवतात. प्रत्येक काठी रंगवलेली. मान वर करून पाहिलं की छत गालिच्यासारखं दिसतं. भिंतींवर गचाचं काम, म्हणजे जिप्समचा लेप ओला असतानाच चाकूने कोरायचा. हा ‘गच’ फारसीतून आपल्याकडे आला आणि चुन्याने पक्क्या केलेल्या छपराला आपण गच्ची म्हणू लागलो.

पामिरमधलं घर मात्र वेगळं. त्याला ‘चिद’ म्हणतात. बाहेरून साधी माती-दगडाची पेटी. आत पाच लाकडी खांब आणि त्यांना नावं आहेत. पामिरी लोक इस्माइली, म्हणजे शियांमधल्या एका पंथाचे मुसलमान, त्यामुळे ती नावं महंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. छताच्या मधोमध उजेडासाठी झरोका, एकात एक फिरवून बसवलेल्या चार चौकटींचा. माती, पाणी, वारा आणि आग अशी त्या चौकटींची ओळख सांगतात. तिथे सजावट आणि घर वेगळं काढताच येत नाही. खांब काढला तर छत पडेल, आणि नाव पुसलं तर घर घर राहणार नाही. थंडी एवढी की पायात गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे लागतात. ते ‘जुराब’. त्यांवर ताऱ्यांच्या आणि नागमोडी रेघांच्या रंगीत पट्ट्या.

विसाव्या शतकात या सगळ्याचं काय झालं? सरसकट ‘कला मरत गेली’ असं म्हणणं मला पटत नाही, कारण सगळ्या कला सारख्या मेल्या नाहीत. सोव्हिएत काळात खाजगी दुकानदारी बंद झाली, कारागिरांना सहकारी संस्थांत आणि कारखान्यांत घेतलं गेलं. खुजंदला रेशमाची मोठी गिरणी चालू झाली आणि अब्राची नक्षी यंत्रावर विणली जाऊ लागली. ज्यांचं पोट बाजारावर होतं, त्यांना सर्वांत मोठा फटका बसला. तांब्याचे नक्षीदार आफताबे, म्हणजे पाण्याच्या झाऱ्या, घडवणारे मिसगर, नीळ लावणारे रंगारी, कुंदी करणारे. ॲल्युमिनियमची किटली आणि रासायनिक रंग आले आणि त्यांच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या. रासायनिक रंग तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच रशियातून यायला लागले होते. त्या काळातल्या कापडांवर अचानक झगझगीत जांभळा आणि गुलाबी दिसतो आणि धुतल्यावर शेजारच्या पांढऱ्यात उतरलेला असतो.

सूझनीला मात्र बाजाराची गरज नव्हती. ती विकायला भरलीच जात नव्हती. तिला लागत होतं एक लग्न आणि चार नातेवाईक बायका. ते सोव्हिएत राज्यातही होतेच. दिवसा कापसाच्या शेतावर राबणाऱ्या बायका संध्याकाळी मुलीच्या रूखवताची पट्टी भरत राहिल्या. ज्या कामाला कुणी उद्योग म्हटलंच नाही, ते उद्योगाबरोबर बुडालंही नाही. लाकूड आणि गच यांना वेगळा आधार मिळाला, तो सरकारी इमारतींचा. खुजंदजवळचा अरबोब महाल हा एका सामूहिक शेताच्या कार्यालयासाठी १९५० च्या दशकात बांधलेला. त्यात उस्तोंनी कोरलेले खांब आणि रंगवलेली छतं आहेत. दुशान्बेत १९५८ मध्ये ‘रोहत’ चहाखाना बांधला गेला, त्याच्या उघड्या सज्जाचं छत असंच रंगीत. मशिदींमधलं काम थांबलं, तेव्हा तेच हात चहाखान्यांत आणि सभागृहांत गेले.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लगेच १९९२ ते १९९७ यादवी युद्ध. त्यानंतर कामाच्या शोधात लाखो पुरुष रशियाला जाऊ लागले. ज्या घरात उस्तो बाप आणि शोगिर्द मुलगा असायला हवेत, तिथला मुलगा मॉस्कोत बांधकामावर असतो. शिकवायला कुणी समोर नसणं, हे नुकसान कुठल्याही यादीने भरून निघत नाही. दुसरीकडे सरकारने लोककारागिरीला उचलून धरलं आहे. २०१८ हे पर्यटन आणि लोककारागिरीचं वर्ष म्हणून जाहीर झालं, पुढची तीन वर्षं ग्रामविकासाच्या जोडीने तशीच. त्यातून अनेक बायकांच्या हाताला काम मिळालं, ही चांगली गोष्ट. पण त्याच सरकारने २०२४ मध्ये ‘परक्या’ पोशाखांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि राष्ट्रीय पोशाख म्हणून पुढे केला जातो त्यात चकनचा झगा आहे. आजीने नातीसाठी भरलेला झगा आणि सरकारने घालायला सांगितलेला झगा, कापड तेच असलं तरी मला ते एक वाटत नाहीत. जो स्वखुशीने अंगावर येतो त्यातच चकनचा जीव आहे.

बाजारात आज सूझनी म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंच यंत्रावर भरलेलं असतं. ते वाईट म्हणत नाही, पण किंमत हाताच्या कामाची लावलेली असेल तर फसू नये. कापड उलटं करा. हाताच्या बसमा टाक्यात मागे दोरा थोडा, विखुरलेले ठिपके आणि मधूनच गाठी दिसतात. यंत्राचं काम मागूनही शिस्तीत असतं. सुलट बाजूला शिवणी शोधा. सलग रुंद कापडावर भरलेलं असेल तर ते अलीकडचं. पट्ट्यांची जोड असेल तर तिच्यावर फूल कसं जुळतं ते पाहा. आणि शेवटी किनारीजवळची पानं एकेक करून पाहा. कलमकश बाईची शाई टाक्यांच्या कडेने कुठे कुठे डोकावत असते. कधी एखादं पूर्ण पान नुसतं शाईतच असतं, कापडावर आखलेलं, एकही टाका न घातलेलं.